साल्का वाल्का : खारवलेल्या मासळीच्या गावाची कथा

नोबेल पारितोषिक विजेते आइसलँडिक कादंबरीकार हाल्दोर लाक्सनेस यांच्या 'साल्का वाल्का' या कादंबरीवरील याच नावाचा चित्रपट १९५४ मध्ये प्रदर्शित झाला. आइसलँडच्या किनाऱ्यावरील ओसेयरी या काल्पनिक मासेमारी गावात, पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या व त्यानंतरच्या काळात ही कथा घडते. दिग्दर्शन स्वीडनच्या आर्ने मॅटसन यांचे, छायाचित्रण पुढे जगविख्यात झालेल्या स्वेन न्यिक्विस्ट यांचे आणि निर्मिती स्वीडनची 'नॉर्डिस्क टोनफिल्म' व आइसलँडची 'एद्दा फिल्म' या दोन संस्थांची. चित्रपटातील गाव, माणसे, समुद्र आणि दारिद्र्य आइसलँडचे आहे. संवाद मात्र स्वीडिश भाषेत आहेत. ही विसंगती अपघाताने आलेली नाही. तिच्यामागे एका लहान देशाचा आर्थिक इतिहास आहे आणि कथेचा विषयही, खोलात गेल्यास, तोच आहे.

या कथेचा जन्मच मुळी पडद्यासाठी झाला, ही गोष्ट अनेक वाचकांना ठाऊक नसते. लाक्सनेस यांचा जन्म २३ एप्रिल १९०२ रोजी रेक्याविक येथे झाला. तारुण्यात त्यांनी युरोपभर भ्रमंती केली आणि १९२३ मध्ये लक्झेंबर्गमधील एका मठात कॅथलिक पंथ स्वीकारला. पुढे १९२७ ते १९२९ या काळात ते कॅलिफोर्नियात राहिले. हॉलिवूडमध्ये पटकथालेखक म्हणून बस्तान बसवावे अशी त्यांची उमेद होती. तेथे त्यांनी पुरुषी विजार घालून मासळीच्या कामावर राबणाऱ्या एका मुलीची कथा चित्रपटासाठी लिहिली आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर या बड्या कंपनीने तिच्यात काही काळ रसही दाखवला. नायिकेच्या भूमिकेसाठी ग्रेटा गार्बोचे नाव लेखकाच्या मनात होते. चित्रपट काही निघाला नाही. त्याऐवजी अमेरिकन समाजावर टीका करणारा त्यांचा एक लेख कॅनडातील आइसलँडिक स्थलांतरितांच्या वृत्तपत्रात छापून आला आणि त्यावरून हद्दपारीची वेळ आली. त्या प्रसंगी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९२९ अखेर लाक्सनेस मायदेशी परतले ते समाजवादी विचार घेऊन आणि एक न विकली गेलेली कथा घेऊन. तिच्यातूनच १९३१ व १९३२ मध्ये दोन भागांची कादंबरी सिद्ध झाली. पहिल्या भागाचे शीर्षक ख्रिस्ताला उद्देशून असलेल्या द्राक्षवेलीच्या प्रतिमेवर आहे, दुसऱ्याचे किनाऱ्यावरील पक्ष्यावर. श्रद्धा आणि भाकरी हे दोन्ही विषय शीर्षकांतूनच सूचित व्हावेत, असा हा बेत दिसतो.

उतारू आणि गाव

कादंबरीचा प्रारंभ ऐन हिवाळ्यातील एका रात्री होतो. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटीतून सिगुरलिना ही गरीब बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसह ओसेयरीला उतरते. तिला जायचे असते दक्षिणेला, रेक्याविकला; परंतु तेवढ्या तिकिटाचे पैसे जवळ नसतात. मुलीचे नाव साल्वर वाल्गेर्दुर, लाडाने साल्का वाल्का. तिच्या बापाचा पत्ता नाही. गावात ओळखीचे कोणी नाही. मायलेकी प्रतिष्ठितांच्या दारांवर आसरा मागत फिरतात आणि अखेर मुक्तिसेनेच्या, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीच्या, आश्रयाला पोहोचतात. ही ख्रिस्ती सेवाभावी संघटना १८९५ मध्ये आइसलँडमध्ये आली होती. बंदरांच्या गावी खलाशांना गरम कॉफी, निवारा आणि भजने पुरवण्याचे काम ती करीत असे. सिगुरलिना या भजनांत अक्षरशः बुडून जाते. ज्या स्त्रीला जगात कोणीच विचारले नाही, तिला तेथे ख्रिस्त विचारतो. लाक्सनेस या भक्तीची टर उडवत नाहीत. तिच्यातली करुणा आणि तिच्यातली फसवणूक ते एकाच वेळी दाखवतात, आणि लेखकाने कॅथलिक श्रद्धा व समाजवाद असे दोन्ही टप्पे पाहिले होते हे येथे जाणवते.

मायलेकींना पुढे समुद्रकाठच्या एका झोपडीवजा घरात जागा मिळते. तेथे स्टाइनथोर हा दांडगा, मद्यपी, पण विलक्षण ओढ लावणारा खलाशी येतो. त्याचे आईशी संबंध जुळतात आणि नजर मात्र मुलीवर असते. त्याने साल्कावर केलेला अत्याचाराचा प्रयत्न, त्यानंतरचे त्याचे पलायन, त्याचे परत येणे आणि पुन्हा पळून जाणे या घटनांनी पहिला भाग व्यापला आहे. शेवटी ईस्टरच्या सुमारास सिगुरलिना समुद्रात जीव देते. आईचा शेवट पाहिलेली साल्का एक गोष्ट मनाशी पक्की करते : कोणाच्याही मेहेरबानीवर जगायचे नाही.

खातेवहीचे राज्य

मेहेरबानी म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्या गावाचा व्यवहार पाहावा लागतो. ओसेयरीचा कर्ताधर्ता योहान बोगेसेन हा व्यापारी आहे. मासळी तोच विकत घेतो, होड्या त्याच्या, गोदामे त्याची, दुकानही त्याचेच. मजुराने दिवसभर राबावे आणि मजुरी बोगेसेनच्या वहीत जमा व्हावी. पीठ, कॉफी, साखर, रॉकेल, कापड याच वहीत नावे पडावे. वर्षाअखेर जमा आणि नावे यांची तोंडमिळवणी होते तेव्हा मजुराच्या हाती काही उरत नाही, बहुतेकदा देणेच निघते. प्रत्यक्ष नाणे त्याच्या हाताला लागतच नाही. बोगेसेन हा दुष्ट मनुष्य नाही. तो प्रेमाने चौकशी करतो, अडीनडीला उधार देतो, सणाला काही वाटतो. आपण नसतो तर हे गाव उपाशी मेले असते असे त्याला मनापासून वाटते, आणि गावकऱ्यांनाही तसेच वाटते. हे पात्र कादंबरीतील सर्वांत चाणाक्ष निर्मिती म्हणावी लागेल.

ही व्यवस्था लाक्सनेस यांच्या कल्पनेतली नव्हती. १६०२ पासून १७८७ पर्यंत आइसलँडचा सारा व्यापार डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या मक्तेदारीखाली होता. ठरावीक बंदरात ठरावीक व्यापाऱ्यालाच माल विकण्याची सक्ती होती. मक्तेदारी गेल्यावरही परदेशी व्यापाऱ्यांना सर्वार्थाने दारे उघडली ती १८५५ मध्ये. गावोगावच्या दुकानदाराचे एकछत्री राज्य मात्र त्यानंतरही टिकले, कारण रोख चलनच दुर्मीळ होते. शिवाय ज्याच्याकडे जमीन नाही त्याने कोणा शेतकऱ्याच्या घरी वर्षाच्या बोलीने चाकरी धरलीच पाहिजे, अशी जुनी बंधने होती. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैल झाली आणि माणसे किनाऱ्याकडे लोटली. १९०२ मध्ये इसाफ्योर्दुर येथे होडीला पहिले यंत्र बसले, १९०५ च्या सुमारास देशाची स्वतःची ट्रॉलर बोट आली आणि शेतकऱ्यांचा देश पाहता पाहता मच्छीमारांचा झाला. ओसेयरी हे या स्थित्यंतराच्या ऐन मध्यावरचे गाव आहे.

मासे धुण्याच्या कामावर लागलेली साल्का आपल्या कष्टांचा हिशेब आपल्याच नावाने राहावा याविषयी आग्रही असते. ती विजार घालते तीही याच आग्रहातून. घागरा घालून ओल्या मासळीच्या ढिगांत उभे राहणे सोयीचे नसते, हे एक कारण. आणि पुरुषांच्या नजरेतून सुटका, हे दुसरे, अधिक महत्त्वाचे. गाव तिला हसते. पण गावात तिचा दरारा वाढतो तोही त्या विजारीसकट.

मासळी

चित्रपटाच्या प्रेक्षकाला व कादंबरीच्या वाचकाला मासळीचा वास येत राहतो, आणि तो यायलाच हवा. कॉड मासा पकडून आणला की त्याचे डोके उडवायचे, पोट फाडून साफ करायचे, पाठीचा कणा काढून तो पुस्तकासारखा उघडायचा आणि मिठाच्या थरांत रचून ठेवायचा. काही आठवड्यांनी तो बाहेर काढून थंडगार पाण्यात ब्रशने घासून धुवायचा. आतला काळा पापुद्रा निघेपर्यंत हात चालू ठेवावे लागत. हे काम बायका आणि मुले करीत. बोटे सुजत, मीठ भेगांत जाई. त्यानंतर कोरड्या दिवशी दगडगोट्यांच्या आवारात मासळी उन्हाला पसरायची आणि आभाळ भरून आले की पुन्हा गोळा करून झाकायची. कोकण किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या घरांना या धावपळीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की तेथील उन्हात ऊब फारशी नसे.

तयार माल स्पेन, पोर्तुगाल व इटलीकडे जाई. या व्यापारावर देश किती अवलंबून होता याचे एक गमतीदार उदाहरण आहे. आइसलँडमध्ये १९१५ पासून संपूर्ण दारूबंदी होती. आमचे मद्य घेत नसाल तर आम्ही तुमची मासळी घेणार नाही, असे स्पेनने बजावले आणि १९२२ मध्ये स्पॅनिश वाइनसाठी बंदी शिथिल करण्यात आली. बिअरवरील बंदी मात्र १९८९ पर्यंत चालू राहिली! नीतिमत्तेचा कायदाही खारवलेल्या माशापुढे नमला, असे म्हणण्यास हरकत नाही. देशाच्या जुन्या राजचिन्हावरही १९०३ पर्यंत मुकुटधारी कॉड मासाच होता. त्यानंतर त्याची जागा ससाण्याने घेतली.

बायकांची मजुरी पुरुषांपेक्षा बरीच कमी असे. १९१२ मध्ये हाफ्नारफ्योर्दुर या बंदरातील मासळी कामगार स्त्रियांनी मजुरीसाठी काम बंद ठेवले. देशातील स्त्रियांच्या पहिल्या संपांत त्याची गणना होते. १९१४ मध्ये रेक्याविकला श्रमिक स्त्रियांची संघटना स्थापन झाली आणि १९१६ मध्ये देशव्यापी कामगार महासंघ अस्तित्वात आला. १९१५ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला तोही चाळिशी ओलांडलेल्यांपुरता. समान अट येण्यास १९२० उजाडले. साल्काच्या मागे अशा अनामिक बायकांची रांग उभी आहे. ही नायिका एका लेखकाच्या लहरीतून उतरलेली नाही.

आर्नाल्दुर

कथेचे दुसरे टोक आर्नाल्दुर आहे. लहानपणी हाच एकलकोंडा, स्वप्नाळू मुलगा साल्काला वाचायला शिकवतो. शिक्षणासाठी गाव सोडताना तो तिला स्वतःचे बालपणीचे चित्र असलेले एक लॉकेट देतो. दुसऱ्या भागात तो परततो तो साम्यवादी प्रचारक होऊन. एव्हाना साल्का स्वतःच्या घराची मालकीण आहे, एका होडीत तिचा वाटा आहे आणि मच्छीमारांच्या संघटनेत ती पुढाकार घेते. संप होतो, गाव दुभंगते, बोगेसेनचे आसन डळमळते. साल्का सुरुवातीस आर्नाल्दुरच्या विरोधात असते. तिला शंका असते की ज्याने कधी मासा धुतला नाही तो मजुरांना काय शिकवणार. ही शंका लेखकाने शेवटपर्यंत पुसलेली नाही. आर्नाल्दुरला गरिबी कळते, गरीब माणूस तितकासा कळत नाही. दोघांचे प्रेम जुळते, परंतु त्याचे मन लवकरच दूरदेशीच्या स्वप्नांकडे धावू लागते. साल्का हे ओळखते आणि त्याला अडवत नाही. त्याच्या जाण्याची तयारी तीच करते. शेवटी ती किनाऱ्यावर एकटी उरते. तिकडे स्टाइनथोरही अमेरिकेहून परतलेला असतो, पण साल्का त्याच्या हाती लागत नाही.

प्रेमात हरलेली नायिका साहित्यात पुष्कळ भेटते. जिने आपल्या प्रियकराचे ऋणही वहीत शिल्लक ठेवले नाही अशी नायिका विरळा. साल्काच्या त्यागात दैन्य नाही ते त्यामुळेच. समाजवादी लेखकाने प्रचारकाला कच्चा आणि मासळीवालीला पक्की दाखवावी, हे त्या काळी दोन्ही बाजूंच्या टीकाकारांना गोंधळात टाकणारे होते.

पडद्यावर

दोन भागांची कादंबरी एका चित्रपटात बसवताना बरेच काही गाळावे लागते. साल्काच्या भूमिकेसाठी दोन अभिनेत्री घेण्यात आल्या. बालवयातील साल्का बिर्गिता पेटरसन हिने आणि तरुण साल्का गुनेल ब्रोस्ट्रोम हिने साकारली. सिगुरलिना झालेली मार्गारेता क्रूक, स्टाइनथोर झालेले एरिक स्ट्रांडमार्क आणि आर्नाल्दुर झालेले फोल्के सुंडक्विस्ट हे सर्व स्वीडिश रंगभूमीशी व चित्रपटाशी संबंधित कलावंत होते. इंगमार बर्गमन यांचे चित्रपट पाहिलेल्यांना ही नावे परिचित वाटतील. 'द सेव्हन्थ सील' (१९५७) मधील झाडावर चढून मृत्यूला चुकवू पाहणारा नट म्हणजे स्ट्रांडमार्क. 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (१९५७) मधील प्रवासी तरुणांपैकी एक सुंडक्विस्ट. 'पर्सोना' (१९६६) मधील डॉक्टर म्हणजे क्रूक. बालसाल्का झालेली पेटरसन पुढे 'द व्हर्जिन स्प्रिंग' (१९६०) मध्ये अत्याचाराला बळी पडणारी कोवळी मुलगी झाली. तो चित्रपटही न्यिक्विस्ट यांनीच चित्रित केला होता. एकाच छायाचित्रकाराने सहा वर्षांच्या अंतराने एकाच अभिनेत्रीला अशा दोन कथांत टिपावे, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

मॅटसन हे त्या वेळी नावाजलेले दिग्दर्शक होते. त्यांच्या 'वन समर ऑफ हॅपिनेस' या १९५१ च्या चित्रपटाने १९५२ मध्ये बर्लिन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले होते आणि त्यातही नायक सुंडक्विस्टच होते. न्यिक्विस्ट यांची कीर्ती अजून व्हायची होती. 'क्राइज अँड व्हिस्पर्स' आणि 'फॅनी अँड अलेक्झांडर' या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्कर मिळाले ते दोन-तीन दशकांनंतर. उत्तरेकडील तिरपा, फिकट प्रकाश हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्याच प्रकाशाचा देश त्यांना या चित्रपटाने दिला. बाह्यचित्रण आइसलँडच्या नैर्ऋत्येकडील ग्रिंदाविक या खऱ्याखुऱ्या मच्छीमार गावी झाले.

आता मूळ प्रश्नाकडे. आइसलँडची ही कथा आइसलँडिक भाषेत का निघाली नाही? १९५० मध्ये या देशाची लोकसंख्या दीड लाखाच्या आत होती. प्रेक्षकच इतके थोडे, की चित्रपटाचा खर्च देशात निघणे अशक्य. गुन्नर गुन्नर्सन यांच्या कादंबरीवरील, आइसलँडमध्ये चित्रित झालेला पहिला कथाचित्रपट १९२० मध्ये आला तोही डॅनिश कंपनीचा. छायाचित्रकार लोफ्तुर गुड्मुन्सन यांनी १९४९ मध्ये एक बोलपट स्वतःच्या बळावर काढला. त्याचे नाव 'डोंगर आणि किनारा यांच्या दरम्यान' अशा अर्थाचे असून तो रंगीत होता. असे प्रयत्न एकांडेच राहिले. एद्दा फिल्मने १९६२ मध्ये '७९ आफ स्टोडिनी' हा पुढचा मोठा चित्रपट काढला तेव्हाही भागीदार व दिग्दर्शक डेन्मार्कचेच होते. बोगेसेनच्या गावात मजुराकडे कष्ट होते, रोकड नव्हती. चित्रपटांच्या बाबतीत आइसलँडची स्थिती काही निराळी नव्हती. कथा, निसर्ग, चेहरे यांचा साठा होता. भांडवल, यंत्रसामग्री आणि वितरण परक्याचे.

१९७९ मध्ये सरकारी चित्रपट निधी सुरू झाला आणि १९८० मधील आगुस्त गुड्मुन्सन यांच्या 'लांद ओग सिनिर' पासून आइसलँडिक चित्रपट नियमित निघू लागले. लाक्सनेस यांच्या वाट्यालाही मग त्यांची मातृभाषा आली. 'अ‍ॅटम स्टेशन' १९८४ मध्ये पडद्यावर आली. त्यांची कन्या गुड्नी हाल्दोर्सदोत्तिर हिने १९८९ मध्ये 'अंडर द ग्लेशियर' आणि १९९९ मध्ये वडिलांच्या एका दीर्घकथेवरून 'द ऑनर ऑफ द हाउस' दिग्दर्शित केला. या दुसऱ्या चित्रपटातही एक छोटे मासेमारी गाव आहे आणि घराण्याच्या इभ्रतीखाली एका स्त्रीचे आयुष्य चिरडले जाते. फरक असा, की येथे कथा प्रतिष्ठितांच्या घरात घडते. 'साल्का वाल्का'मध्ये ज्या घरांची दारे मायलेकींना उघडली नाहीत, त्या घरांच्या आत काय चालत असेल याचे उत्तर हवे असल्यास हे दोन चित्रपट पाठोपाठ पाहावेत.

चित्रपट प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, लाक्सनेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ८ फेब्रुवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. 'साल्का वाल्का'चे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये निघाले होते, पण ते मूळ आइसलँडिकवरून केलेले नसून डॅनिश अनुवादावरून केलेले होते. थेट मुळावरून इंग्रजीत येण्यासाठी या कादंबरीला २०२२ पर्यंत थांबावे लागले. ते काम फिलिप रॉटन यांनी केले.

चित्रीकरणाचे गाव ग्रिंदाविक पुढे भरभराटीला आले. तेथे २००२ मध्ये खारवलेल्या मासळीच्या इतिहासाचे एक संग्रहालयही उघडण्यात आले. परंतु रेक्यानेस द्वीपकल्पावरील भूकंपांच्या मालिकेनंतर १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री सुमारे ३,८०० वस्तीचे हे गाव रिकामे करावे लागले. डिसेंबरमध्ये जवळच ज्वालामुखी फुटला आणि १४ जानेवारी २०२४ रोजी लाव्हा गावाच्या हद्दीत शिरून तीन घरे जळाली.